बाबाराव मॅनेजरचं काश्मीर

बाबारावचा आवाज काढायचा असेल तर आधी घसा दोनदा साफ करायचा. एकदा लहान, एकदा मोठा. मग हनुवटी गळ्यात रुतवायची, गालात सुपारीचं खांड आहे असं धरून चालायचं आणि नाकातून म्हणायचं, "पर्यटक बंधू आणि भगिनींनो." झालं. बाबाराव एवढाच आहे. बाकी सगळी सफारी आहे.

तोंडावर त्याला सगळे साहेब म्हणतात. मागे काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे नुसतं बाबाराव.

दिग्रसहून पुसदला जाताना रस्त्याच्या कडेला मौजनगरी लागते. एक आकाशपाळणा, एक टोराटोरा, एक ब्रेकडान्स, छोटी रेल्वे, शेपूट तुटलेला डायनासोर आणि भूतमहाल. पाण्याची घसरगुंडीपण आहे, पाणी असेल तेव्हा. महागाव, आर्णी, पुसद, सगळीकडच्या शाळा इथे सहली आणतात, कारण सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी परतता येतं. माझे अब्बा, गफ्फार मिस्त्री, तिथल्या सगळ्या मशिनी सांभाळतात. त्यामुळे पार्कातली बाकी मजा तिकीट काढून घ्यावी लागली तरी बाबाराव मला लहानपणापासून फुकटात ऐकायला मिळाला.

तो महागाव तालुक्यातल्या एका खेड्याचा. भावासोबत शेती आहे, पण मातीत हात घालणं त्याला पहिल्यापासून कमीपणाचं. त्यानं भोंगा धरला. ऑटोत बसून गावोगाव ओरडत फिरायचा. साड्यांचा सेल, सर्कस, हरवलेली म्हैस, जे येईल ते. एका निवडणुकीत त्यानं सकाळी एका उमेदवाराला "आपला लाडका" म्हटलं आणि जेवण करून दुपारी त्याच ऑटोतून दुसऱ्याला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "आवाज माहा हाय, मत माह्यं नाही." हे तो आजही अभिमानानं सांगतो.

पुसदचे पूनमसिंग शेठ रस्त्यांची ठेकेदारी करतात. त्यांनी हा पार्क काढला तेव्हा माईकवर बोलायला बाबारावला ठेवलं. पुढे खरा मॅनेजर नागपूरला निघून गेला आणि शेठ म्हणाले, दुसरा भेटेपर्यंत तू बस. दुसरा भेटलाच नाही. शेठनं शोधला नसावा. तेव्हापासून ऑफिसातली ती गोल फिरणारी खुर्ची बाबारावची. तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल. टॉवेल दर सोमवारी बदलायचा, खुर्चीत दुसऱ्या कोणी बसायचं नाही, आणि तिच्याकडे पाठ करून उभंही राहायचं नाही. एकदा भज्यांच्या स्टॉलवाल्या हंसाबाईनं पाऊस आला म्हणून बेसनाचं टोपलं त्या खुर्चीत ठेवलं. बाबारावनं तिला उभं करून भाषण दिलं. भाषणात "सिस्टीम" हा शब्द इतक्यांदा आला की हंसाबाईला वाटलं, सिस्टीम ही त्याची कोणी नातेवाईक आहे आणि आपण तिच्या जागेवर टोपलं ठेवलं.

त्याच्याकडे दोन भाषा आहेत. माईक चालू असला की "कृपया रांगेचा अवलंब करावा." माईक बंद झाला की "काहून बे, डोये फुटले काय तुह्ये?" शेठ समोर असले तर अब्बांना "गफ्फारभाई". शेठची गाडी फाटकाबाहेर पडली की "गफ्फाऱ्या". मधे एक श्वाससुद्धा नसतो. मी पुष्कळदा प्रयत्न केला, इतक्या पटकन मला जमत नाही.

आणि चूक. चूक त्याची कधीच नसते. टोराटोरा मधेच थांबला तर लाइनवाल्यांनी लाइन घालवली. छोटी रेल्वे रुळावरून उतरली तर बसलेल्या बाईचं वजन. त्यानं स्वतः चुकीचं बटण दाबलं तर बटणाची जागा चुकीची.

लॉकडाऊन लागला त्या दिवशी त्यानं रिकाम्या पार्कात माईक लावून जाहीर केलं की ही व्यवस्था केवळ काही दिवसांपुरती आहे, पर्यटकांनी सहकार्य करावं. मग फाटकाला कुलूप पडलं ते जवळजवळ दोन वर्षं निघालं नाही. अब्बा दिग्रसला मोटारपंप दुरुस्त करायला लागले. हंसाबाई घरी बसली. भूतमहालात भूत व्हायचा तो धरमसिंग पुसदला भाजीची गाडी लावून मोकळा झाला. शेठनं एकट्या बाबारावला राखणीला ठेवलं. म्हणजे चौकीदार. पण चौकीदार रोज सफारी घालून यायचा, टॉवेल झटकायचा आणि खुर्चीत बसून फिरायचा. अब्बा एकदा पान्ह्यांची पेटी आणायला गेले तर भोंगा चालू होता. "आकाशपाळण्याच्या रांगेतील पर्यटकांनी धक्काबुक्की करू नये."

"कोण होतं रांगेत?" मी विचारलं.

"दो कुत्ते," अब्बा म्हणाले. "मगर बराबर खडे थे."

आता कापूस. त्या हंगामात कापसाचा भाव असा चढत होता की कोणी विकायलाच तयार नव्हतं. आज विकला आणि उद्या वाढला तर रात्रभर झोप नाही. सगळा तालुका कापसावर बसून होता. घरात, ओसरीत, पलंगाखाली, देवघरासमोर कापूस. आणि कापूस घरात फार दिवस राहिला की काय होतं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. त्यात बारीक किडे होतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घरातला एकेक माणूस खाजवायला लागतो.

बाबारावची बायको विमलताई साधी बाई आहे, कमी बोलते. दिवाळीनंतर ती एकदाच बोलली. "मांगच्या साली साऱ्याईचं अंग सोलून निंगालं. आता या घरात हा कापूस राहीन नाहीतं मी राहीन."

"विकून टाक म्हनतं काय? भाव पाह्यला काय तू?"

"विका, नाहीतं जाळा. घरात नोको."

बाबारावनं एक दिवस विचार केला, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून सगळा कापूस भूतमहालात नेऊन कोंबला. त्याच्या दृष्टीनं यापेक्षा हुशारीचं काम तालुक्यात कोणी केलं नव्हतं. जागा कोरडी, दार एकच, कुलूप त्याचंच. ज्या भिंतींवर कवट्या रंगवल्या होत्या त्यांच्या दातांपर्यंत कापूस चढला. रोज सकाळी तो मोबाइलवर भाव ऐकायचा, भूतमहालाच्या कुलपाला हात लावायचा आणि खुर्चीत जाऊन गोल फिरायचा.

फेब्रुवारीत शेठचा फोन आला. पार्क उघडायची परवानगी मिळाली होती. पण त्याआधी दोन दिवस एक माणूस टेप घेऊन जमीन मोजून गेला होता, तो कशाला आला होता हे शेठनं आता सांगितलं.

"एक रविवार पाह्यतो बाबाराव. महागावची एक शाळा येऊन राह्यली. माह्ये नातू बी पुण्याहून आलेत, त्याइले आनतो. पोरं खूश होऊन गेले तं पार्क राहीन, तू बी राहशीन. नाहीतं उन्हाळ्यात प्लॉट पाडतो."

हे ऐकून बाबारावचा चेहरा कसा झाला ते हंसाबाईनं पाहिलं, कारण ती त्याच वेळी स्टॉलची किल्ली मागायला आली होती. म्हणाली, हरवलेल्या म्हशीसारखा झाला. बरोबरच होतं. खुर्ची गेली की त्याला पुन्हा ऑटोत बसून म्हशीच शोधायच्या होत्या. त्याला आयुष्यात दुसरं कशाचं भय नव्हतं, देवाचंही नाही. फक्त त्या खुर्चीतून उठायचं.

सगळ्यांना बोलावणं गेलं. धरमसिंगनं येणार नाही म्हणून कळवलं. "आता मी जित्या मानसाच्या धंद्यात हावो," म्हणाला. अब्बांनी आठवडाभर पाळण्याला ग्रीस लावलं, ब्रेकडान्सच्या डब्यातून सापाची कात काढली आणि रोज भूतमहालाची किल्ली मागितली. आतल्या ट्रॉलीचे रूळ गंजले असणार. बाबाराव रोज नवीन कारण द्यायचा. आत फवारणी झाली, सील आहे. किल्ली शेठकडे आहे. किल्ली घरी आहे. खरं कारण मोबाइलमध्ये होतं. भाव अजून चढत होता. दिग्रसचा व्यापारी गाडी घेऊन दारात यायला तयार होता, विमलताई रोज म्हणत होती देऊन टाका, आणि हा म्हणत होता, सोमवारी पाहू.

शनिवारी संध्याकाळी अब्बा म्हणाले, "साहेब, आता नाही खोललं तं मी शेठले फोन लावतो."

दार उघडलं. कापूस दाबून भरलेला, त्याला मोकळी हवा मिळाली. तो दारातून फुगून बाहेर आला आणि अब्बांच्या गुडघ्यापर्यंत साचला. अब्बा तसेच उभे राहिले. पलीकडे कापसातून एका सापळ्याचा हात वर आलेला होता, जणू मदत मागतोय.

"साहेब, हे काय हाय?"

बाबारावनं घसा साफ केला. लहान. मग मोठा. अब्बा सांगतात, त्या दोन खाकरण्यांच्या मधेच त्याला ते सुचलं असणार, कारण आधी त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"गफ्फारभाई, आपन थीम बदलून राह्यलो. भूतमहाल जुना झाला. आता काश्मीर."

"काश्मीर?"

"बर्फ."

अब्बांनी कापूस मुठीत घेऊन पाहिला. "साहेब, जुना कापूस हाय. पोरं लोयतीन याच्यात. खाज सुटन."

"अबे, बर्फात कोनाले खाज सुटते काय?"

त्याच्या वाक्यांची मी एक वही ठेवली आहे, पण हे त्यात लिहायची गरजच पडली नाही. ज्यानं एवढंसं शेत पाहिलं आहे असा माणूस असं बोलणार नाही. हा तर शेतकऱ्याचा मुलगा, स्वतःच्या घरातून याच कारणानं कापसासकट बाहेर काढलेला. पण खुर्ची आणि भाव, दोन्ही हातात धरायचे म्हटल्यावर डोकं धरायला हात राहत नसावा.

रविवारी सकाळी फाटकावर फुगे, आंब्याच्या पानांचं तोरण, दोरीनं बांधलेली सॅनिटायझरची बाटली आणि हातात ताप मोजायचं पिस्तूल घेतलेला बाबाराव. तो ते प्रत्येकाच्या कपाळावर असं रोखायचा की पोरं हात वर करत होती. भूतमहालाच्या पाटीवर रंग मारून "काश्मीर" लिहिलं होतं, पण "भूत" खालून अजून दिसत होतं. आत निळे दिवे, ऑफिसातले दोन कूलर गार वारा मारत ठेवलेले, आणि सापळ्याच्या अंगावर विमलताईची शाल. विमलताई नवं लुगडं नेसून उद्घाटन पाहायला आली होती. तिनं दारातूनच आत पाहिलं, शाल ओळखली, कापूस ओळखला आणि एक पाऊल मागे सरून झाडाखाली जाऊन बसली.

महागावच्या पोरांना काश्मीरचं काय. आत शिरताच पियुष नावाचा एक पोरगा म्हणाला, "अबे, हा तं कापूस हाय. सरकी बी हाय त्यात." सगळे हसले आणि सगळ्यांनी उड्या मारल्या. घरच्या कापसात उडी मारली की आईचा मार. इथे तिकिटात. त्यांच्या मागून शेठचे नातू गेले, त्यांना खरंच बर्फासारखं वाटलं, ते गळ्यापर्यंत पुरून घेऊन फोटो काढू लागले. दोन वर्षं घरात कोंडलेली पोरं. त्या दिवशी मौजनगरीत जो आवाज झाला तो आकाशपाळण्यावरून पलीकडच्या गावापर्यंत गेला असेल. शाळेच्या अर्पिता मॅडमसुद्धा चप्पल काढून आत जाऊन बसल्या. शेठनं बाबारावच्या खांद्यावर हात ठेवला.

"डोकं चालते बाबाराव तुह्यं."

"सिस्टीम आहे शेठ," बाबाराव म्हणाला. सफारीची बटणं ताणली गेली.

दुपारी पोरं झाडाखाली डबे घेऊन बसली. ऊन वाढलं, घाम आला, आणि एका पोरीनं मान खाजवली. तिच्या शेजारच्यानं पोट. मग कोणाचंही डब्याकडे लक्ष राहिलं नाही. अर्ध्या तासात सगळी रांग खाजवत होती, हातांवर लाल पुरळ, मानेवर लाल पुरळ. शेठचा धाकटा नातू रडायला लागला. अर्पिता मॅडमनी स्वतःचा हात पाहिला आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

"सगळ्यांनी मास्क वर करा. कोणी कोणाला हात लावू नका."

त्यानंतर भीती कशी पसरते ते काही सांगायला नको, त्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणी म्हणालं नवीन लाट. कोणी म्हणालं अंगावर येणारा प्रकार निघाला, नागपूरला एक केस सापडली. मॅडमनी बसवाल्याला गाडी काढायला सांगितली, सरळ पुसदच्या दवाखान्यात. सहल पार्कातून थेट दवाखान्यात गेली असती तर दुसऱ्या दिवशी मौजनगरीच्या जागी प्लॉटच पडले असते. हे शेठला कळत होतं, अब्बांना कळत होतं, आणि बाबारावला सगळ्यात जास्त कळत होतं. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. कापूस जुना होता, घरी जाऊन आंघोळ करा. बस.

तो माईककडे गेला. एक हात माईकवर, दुसरा सफारीच्या आत, कारण काश्मीर त्यानंच रचलं होतं. लहान खाकरणं. मोठं खाकरणं.

"पर्यटक बंधू आणि भगिनींनो. हं. घाबरण्याचे कारण नाही. व्यवस्थापनाने चौकशी केली असता. हं. असे निदर्शनास आले आहे की, भज्यांच्या बेसनामध्ये काही दोष असल्याने. हं. सदर स्टॉल तात्काळ बंद करण्यात येत आहे."

प्रत्येक "हं"च्या वेळी हात सफारीत खोल जायचा.

हंसाबाई झारा हातात घेऊन स्टॉलमधून बाहेर आली. तिच्या स्टॉलवर दोन वर्षांनी त्या दिवशी पहिल्यांदा कढई लागली होती. शेठच्या घराशी तिचं जुनं नातं, तांड्यावरचं, शेठ तिला याडी म्हणतात, म्हणजे आई.

"बाबाराव, मास्तरीनबाईचा उपास हाय. त्याइनं माह्या हातचं पानी बी नाही घेतलं. अन् त्या काहून खाजवून राह्यल्या?"

मॅडमचा हात मानेवरच थांबला.

"अन् तुमी कवा खाल्ले भजे?" हंसाबाई म्हणाली. "सकाळी मले म्हनलं, तेल बराबर नाही."

बाबारावनं हात सफारीतून काढला. उशीर झाला होता. तिकडे रांगेतून पियुष ओरडला, "मॅडम, आमच्या घरी बी असंच होते. माय म्हनते कापसात झोपू नोको." त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं म्हणाले, आमच्याही घरी. आणि भीती जशी आली होती तशी निघून गेली, फक्त खाज राहिली. मॅडम हसायला लागल्या, खाजवत हसायला लागल्या. पोरांना सुटका झाल्यासारखं वाटलं, त्यांनी एकमेकांच्या पाठी खाजवायला घेतल्या.

शेठ हसले नाहीत.

"कापूस कोनाचा?"

"सजावटीचा, शेठ."

"एवढी सजावट? कोनाचा?"

बाबारावनं अब्बांकडे पाहिलं. अब्बा पाळण्याकडे पाहत होते. मग झाडाखालून विमलताई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "आमचा. घरातून मीनंच हाकलला. इथीसा आनला हे मले आज समजलं. अन् शाल बी माही हाय."

शेठनं गावातून चुन्याचं पाणी, खोबरेल तेल, जे मिळेल ते मागवलं. घसरगुंडीच्या टाकीत टँकर रिकामा केला आणि सगळी शाळा कपड्यांसकट पाण्यात घातली. पोरं संध्याकाळी निघायला तयार नव्हती. जाताना विचारत होती, पुढच्या वेळी काश्मीर राहीन ना. शेठ म्हणाले, आधी धुतो, मग ठेवतो.

मग ते ऑफिसात गेले. बाबाराव खुर्चीच्या मागे उभा, दोन्ही हात टॉवेलवर.

"पार्क चालन," शेठ म्हणाले.

बाबारावनं श्वास सोडला.

"तू एक वाक्य बोलला असता तं तू बी चालला असता. याडीवर ढकललं."

"शेठ, परिस्थितीच अशी होती की..."

"धरमसिंग नाही येत म्हनते. भूतमहाल पुन्हा लावू तं भूत लागन. तू हो."

"मी? मी मॅनेजर आहे शेठ."

"तुले उजेडात ठेवनं परवडत नाही बावा."

कापूस त्याच रात्री दिग्रसला गेला, व्यापारी म्हणेल त्या भावात. पुढच्या आठवड्यात भाव आणखी चढला. विमलताईनं ही बातमी हंसाबाईला सांगितली, नवऱ्याला नाही. त्याला ती मोबाइलवर कळली असेलच.

खुर्चीत आता कोणी बसत नाही. पाऊस आला की हंसाबाई तिच्यात बेसनाचं टोपलं ठेवते. टॉवेल मात्र बाबाराव जाताना घेऊन गेला. भूत होताना तो काळ्या झग्यावरून खांद्यावर टाकतो, आणि दर सोमवारी बदलतो.

त्याच्याइतकं वाईट भूत जिल्ह्यात नसेल. ट्रॉली अंधारात शिरते, कुठूनतरी खाकरण्याचा आवाज येतो, एक लहान, एक मोठा, आणि पोरं तिथेच हसायला लागतात. मग आवाज येतो, "पर्यटक बंधू आणि भगिनींनो, आता आपणांस भीती वाटणार आहे."

मागच्या सहलीत आर्णीची एक पोरगी ट्रॉलीतून वाकून त्याच्या अगदी तोंडाशी गेली.

"काका, भूत कुठी हाय?"

"रांगेनं या," बाबाराव म्हणाला. "सिस्टीम हाय."